कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या जंतूंची कंपनी: शेअर घेण्याआधी दावा कसा तपासायचा

सोयाबीन विकून झालं आणि कापसाचा पहिला वेचा घरात आला की आपल्याकडे दोन प्रकारची माणसं जागी होतात. एक, उधारी वसूल करायला निघालेले कृषी केंद्रवाले. दुसरी, शेअरच्या टिपा देणारी. कोविडनंतर तालुक्याच्या गावातही डिमॅट खात्याचं नवल राहिलं नाही. दारव्हा घ्या, मोर्शी घ्या, हिंगणघाट घ्या, पानठेल्यावर निफ्टीचं बोलणं कापसाच्या भावाइतकंच सहज चालतं. आणि या टिपांत आरोग्याच्या कंपन्यांची एक ठरावीक टिप असते: "यांच्या प्रोबायोटिक कॅप्सूलनं कोलेस्टेरॉल उतरतं. देशात हार्टचे पेशंट किती? हिशोब तुम्हीच करा."

तोच हिशोब इथे करू. ज्यांनी नुकतंच खातं उघडलंय आणि चुकाऱ्यातले दहा-वीस हजार अशा शेअरमध्ये टाकायचा विचार करताहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सायन्सची पदवी लागत नाही. मोबाइल, वही आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते. पायऱ्या क्रमानं चढा. एखादीवर पाय अडकला तर पुढे जाऊ नका, तिथेच थांबलेलं बरं.

पायरी १: वाद कशाचा चाललाय ते वेगळं करा

पानठेल्यावर ऐकू येतो तसा हा वाद. एका बाजूला मेडिकलवाले काका, दुसऱ्या बाजूला जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी.

"गुरुजी, माह्यं एलडीएल एकशे साठवरून एकशे बेचाळीसवर आलं. डोळ्यानं पाह्यलं मी रिपोर्टात."

"आलं असन काका. पण कंपनीले मागच्या तीन वर्षांत नफाच नाही, थे बी पाहा ना."

"अहो, औषध लागू पडून राह्यलं तर नफा येईनच!"

(एलडीएल म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते.) दोघंही खोटं बोलत नाहीत, पण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. प्रश्न तीन आहेत. त्या जंतूचा शरीरात असर होतो का? तो असर डब्यावर छापायला कायदा परवानगी देतो का? आणि विक्रीतून भागधारकाच्या वाट्याला काही उरतं का? काका पहिल्या प्रश्नावर आहेत, गुरुजी तिसऱ्यावर, आणि मधल्याचं नावही कोणी काढत नाही. टिप देणाऱ्याला हेच हवं असतं. पहिल्या प्रश्नाचं अर्धं 'हो' हाती आलं की तो थेट शेअरच्या भावावर उडी मारतो.

वहीच्या पानावर तीन रकाने आखा आणि जी माहिती येईल ती ज्या रकान्याची असेल तिथेच लिहा.

पायरी २: जंतूचं पूर्ण नाव शोधा

प्रोबायोटिक म्हणजे फायद्याचे जिवंत जंतू, इतकं सगळ्यांना माहीत असतं. पण 'लॅक्टोबॅसिलस' हे झालं आडनाव. त्याच्यापुढे प्रजातीचं नाव आणि त्यापुढे स्ट्रेनचा, म्हणजे वाणाचा, क्रमांक लागतो. चाचणी होते ती त्या क्रमांकाच्या स्ट्रेनवर, आडनावावर नाही. उदाहरणार्थ, कोलेस्टेरॉलच्या संशोधनात ज्याचं नाव वारंवार येतं तो लॅक्टोबॅसिलस रुटेरी एनसीआयएमबी ३०२४२. याच प्रजातीच्या दुसऱ्या क्रमांकाच्या जंतूला हा असर असेलच असं नाही. कंपनीच्या डब्यावर नुसतंच 'लॅक्टोबॅसिलस मिश्रण' लिहिलं असेल आणि गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात दुसऱ्याच कोणाच्या स्ट्रेनची चाचणी छापली असेल, तर विषय संपला. चहा घ्या आणि घरी जा.

शोधताना एक अडचण येते. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी लॅक्टोबॅसिलस हे मोठं कुळ फोडून नवी नावं दिली. रुटेरी आता 'लिमोसिलॅक्टोबॅसिलस' मध्ये गेला आणि प्लॅन्टारम 'लॅक्टिप्लॅन्टिबॅसिलस' मध्ये. जुने पेपर जुन्या नावानं आहेत, नवे नव्या. क्रमांक मात्र तोच राहतो, म्हणून क्रमांकानंच शोधा.

डबा हातात आहेच, तर आणखी दोन गोष्टी बघा. जिवंत जंतूंची संख्या, म्हणजे सीएफयू: आपल्याकडच्या नियमानुसार प्रोबायोटिक म्हणून विकायचं तर रोजच्या मात्रेत किमान दहा कोटी हवेत. आणि ही संख्या बनवताना होती की मुदत संपेपर्यंत राहील, हे लिहिलंय का? जंतू सुकवून कॅप्सूलमध्ये भरलेले असले तरी ते उष्णतेनं मरतात. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि कुरिअरचा खोका दुपारभर पत्र्याच्या गोदामात पडून असतो. थंड साखळी नसलेला, 'थंड जागी ठेवा' एवढंच छापलेला डबा आपल्या गावात पोचेपर्यंत त्यातलं किती जिवंत राहिलं, हा प्रश्न वार्षिक सभेत कोणी विचारत नाही. विचारायला हवा, कारण असा माल परत आला की तो नफ्यातूनच जातो.

पायरी ३: असर होतो तो कसा, हे दोन ओळींत समजून घ्या

यकृत कोलेस्टेरॉल वापरून पित्ताम्लं बनवतं. जेवण पचवायला ती आतड्यात येतात आणि त्यातली साधारण ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृतात परततात. काही जंतूंजवळ 'बाइल सॉल्ट हायड्रोलेज' नावाचं एन्झाइम असतं. ते पित्ताम्लांचं रूप बदलतं, बदललेली पित्ताम्लं कमी शोषली जातात आणि शौचावाटे जास्त बाहेर पडतात. तूट भरून काढायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढतं.

मार्ग पटण्यासारखा आहे. पण पटण्यासारखा मार्ग आणि माणसांवर दिसलेला असर यांत बरंच अंतर असतं. परीक्षानळीत हे एन्झाइम जोरात चाललं एवढ्यावर कंपनी बातमी देत असेल, तर ती बातमी पहिल्या रकान्यातही अर्धवटच बसते.

पायरी ४: चाचणी वाचा. सगळा जीव इथे आहे

नवख्या माणसाला इथेच भीती वाटते, आणि खरं तर वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला ती वाटायचं कारण नाही. कृषी केंद्रवाला टॉनिकची नवी बाटली पुढे करतो, 'पात्या-फुलं दुप्पट' म्हणतो, तेव्हा शहाणा माणूस काय करतो? वावरातली चार तासं, म्हणजे ओळी, न फवारता सोडतो. पाऊस तोच, खत तेच, बियाणं तेच. मग बोंडं मोजतो. औषधाची चाचणीही हीच. एका गटाला कॅप्सूल, दुसऱ्याला तशीच दिसणारी रिकामी कॅप्सूल, आणि कोणाला काय मिळालं हे ना घेणाऱ्याला माहीत ना मोजणाऱ्याला.

ही सोडलेली तासं का लागतात, ते पानठेल्यावरच्या काकांनाच विचारा. गुरुजींनी विचारलं, "त्या दोन महिन्यांत अजून काय काय केलं काका?" तर काका म्हणाले, "सकाळी फिराले जात होतो. अन् पोह्यावरची तर्री बंद केली होती." म्हणजे फवारणीबरोबर खतही दिलं, पाणीही दिलं, आणि श्रेय मात्र बाटलीला! शिवाय एकाच माणसाचं एलडीएल काहीही न करता एका तपासणीतून दुसऱ्या तपासणीत सात-आठ टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. त्यात बऱ्याच लॅबच्या रिपोर्टात एलडीएल थेट मोजलेलं नसतं. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या चरबीचा) पाचवा भाग वजा करून ते काढतात. ट्रायग्लिसराइड हलले की एलडीएलही हलतं, आणि ते ४०० च्या वर गेले तर हा हिशोबच चालत नाही. तेव्हा १६० चं १४२ झालं हे खरं, पण ते कशानं झालं हे काकांच्या रिपोर्टातून कळणार नाही.

आता काही प्रत्यक्ष चाचण्या बघू.

रुटेरी एनसीआयएमबी ३०२४२ ची कॅप्सूल घेऊन २०१२ मध्ये एक चाचणी छापून आली. सव्वाशेच्या आसपास माणसं, नऊ आठवडे, आणि रिकाम्या कॅप्सूलच्या तुलनेत एलडीएल साडेअकरा टक्क्यांहून थोडं जास्त उतरलं. आकडा चांगला आहे, चाचणीही नीट बांधलेली. पण संशोधकांत त्या कंपनीशीच संबंधित लोक होते. म्हणून ती खोटी ठरत नाही. बाहेरच्या कोणी तीच पुन्हा करून तेच उत्तर मिळवलं का, एवढा प्रश्न मात्र वहीत लिहून ठेवा.

दुसरी चाचणी इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातली, २०१७ ची. जंतू लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम ईसीजीसी १३११०४०२. त्यामागची ऑप्टिबायोटिक्स ही कंपनी लंडनच्या एआयएम बाजारात, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या बाजारात नोंदलेली. १२ आठवडे, ४९ माणसं. ठळक आकडा: एलडीएल १३.९ टक्के कमी. नवखा इथेच भुलतो. हा आकडा ४९ जणांचा नाही. ज्यांचं एकूण कोलेस्टेरॉल सुरुवातीलाच ५ मिलिमोलच्या खाली होतं, त्या उपगटाचा आहे. ३८.६७ ने गुणा, म्हणजे आपल्या रिपोर्टातले १९३ होतात. थोडक्यात, ज्यांचं कोलेस्टेरॉल तसं बऱ्यापैकीच होतं त्यांच्यात ही घट दिसली. ज्यांचं जास्त होतं त्यांच्यासाठी वेगळे आकडे, साठीच्या वरच्यांसाठी आणखी वेगळे. ४९ माणसांची आधी दोन गटांत वाटणी, मग वयानं आणि पातळीनं पुन्हा तुकडे. एकेका तुकड्यात कितीशी माणसं उरणार? वावराचे असे वीस तुकडे पाडले तर एखाद्यात बोंडं जास्त भरणारच. अशा उपगटाच्या आकड्यावरून पुढची मोठी चाचणी आखायची असते. कोणी त्याच आकड्यावर शेअर विकत असेल, तर त्याला मोठी चाचणी कधी, असं विचारा.

तिसरी गोष्ट जुनी आहे आणि मला सगळ्यांत बोलकी वाटते. डेन्मार्कमध्ये गेल्या शतकाच्या नव्वदच्या दशकात 'गायो' नावाचं आंबवलेलं दही निघालं. १९९५ मध्ये छापलेल्या सहा आठवड्यांच्या चाचणीत एलडीएल साधारण १० टक्के उतरलेलं दिसलं. पुढच्याच वर्षी सहा महिन्यांची चाचणी आली. त्यात पहिल्या महिन्यात गायो खाणाऱ्यांचं एलडीएल पटकन खाली आलं. पण सहा महिन्यांनंतर बघितलं तर साधं, विनाजंतूंचं दही खाणारा गटही तितकाच उतरला होता. सोडलेल्या तासांनी फवारलेल्यांना गाठलं! एक कारण हे असू शकतं: आपल्यावर लक्ष आहे हे कळलं की माणसं खाण्यापिण्यात आपोआप सावरतात. म्हणून सहा, नऊ, बारा आठवड्यांच्या चाचणीवर आयुष्यभर घ्यायच्या कॅप्सूलची बाजारपेठ उभी करणाऱ्यांपासून जरा लांब राहा.

तीस चाचण्या एकत्र करून २०१५ मध्ये जे विश्लेषण छापलं गेलं, त्यात एलडीएलची सरासरी घट निघाली ७.३ मिलिग्रॅम. लक्षात घ्या, टक्के नाही, मिलिग्रॅम. १५० एलडीएल असलेल्याचं १४३ च्या आसपास. माझं मत विचाराल तर पहिल्या रकान्यात मी असं लिहीन: काही ठरावीक स्ट्रेनचा थोडा असर असावा, तो सगळ्यांत सारखा नाही, आणि तो दीर्घकाळ टिकतो हे अजून पक्कं झालेलं नाही.

कंपनी म्हणत असेल 'आमची चाचणी चालू आहे', तर तेही तपासता येतं. आपल्याकडे आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषदेची) सीटीआरआय ही चाचण्यांची नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे आधी नोंद करणं सक्तीचं झालं. संकेतस्थळावर जंतूचं किंवा कंपनीचं नाव टाका. किती माणसं, किती आठवडे, मुख्य मोजमाप कोणतं हे आधीच जाहीर केलेलं असतं. निकाल आल्यावर मुख्य मोजमापाचं नाव गुंडाळून कोणी भलत्याच आकड्याचा ढोल वाजवत असेल तर तिथे लगेच दिसतं.

पायरी ५: हा आकडा गोळीच्या शेजारी ठेवा

कंपनीचा खरा स्पर्धक दुसरी प्रोबायोटिक कंपनी नाही, स्टॅटिनची, म्हणजे डॉक्टर देतात ती कोलेस्टेरॉलची गोळी आहे. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकनं केलेली आणि २०२२ मध्ये जाहीर झालेली एक चाचणी यासाठी उपयोगी आहे. सुमारे १९० माणसं, २८ दिवस. एका गटाला रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, एकाला रिकामी गोळी, बाकीच्यांना फिश ऑइल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पती स्टेरॉल, लाल यीस्टचा तांदूळ अशी बाजारातली सहा पूरकं. गोळीनं एलडीएल ३७.९ टक्के उतरवलं. सहांपैकी एकही पूरक रिकाम्या गोळीहून ठळकपणे पुढे गेलं नाही. पैसा औषध कंपनीचा होता, हेही लिहून घ्या. निकष सगळ्यांना सारखा लावायचा. यात प्रोबायोटिक नव्हतं, पण 'नैसर्गिक आहे म्हणून चालेल' या भरवशाची लायकी कळायला हे पुरेसं आहे.

म्हणजे १५० एलडीएलवाल्याला जंतूनं मिळतात ७, कमी ताकदीच्या गोळीनं पन्नासच्या वर. आणि ॲटोर्व्हास्टॅटिन ही दुसरी स्टॅटिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, किंमत नियंत्रित आहे, जनऔषधी केंद्रात अगदी स्वस्तात मिळते. महिन्याला हजाराच्या घरातली कॅप्सूल कोण, किती दिवस घेणार? ज्यांना गोळी सोसत नाही किंवा नको आहे, ते घेतील. हा गट खरा आहे, पण 'देशातले सगळे हार्टचे पेशंट' एवढा नाही.

एक गोष्ट शेअरच्या बाहेरची, पण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. टिप ऐकून कोणी डॉक्टरांनी दिलेली कोलेस्टेरॉलची गोळी बंद करत असेल तर त्याला थांबवा. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, गोळीच्या जागी नको.

पायरी ६: डब्यावर काय छापता येतं

हा मधला रकाना, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. आपल्याकडे अशी कॅप्सूल औषध म्हणून नव्हे, अन्नपूरक म्हणून एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांखाली येते. १४ आकडी परवाना क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना डब्यावर शोधा. आजार बरा करतो असा दावा अन्नावर करता येत नाही. म्हणजे टिपमध्ये जे वाक्य सगळ्यांत मोठ्या आवाजात येतं, ते कंपनी स्वतःच्या डब्यावर सहजासहजी छापू शकत नाही. मग डॉक्टर लिहून देतील या आशेवर विक्री अवलंबून राहते, आणि डॉक्टर तर पायरी पाचवरचा आकडा ओळखून असतात.

युरोपात माल विकायची स्वप्नं दाखवत असतील तर तिथला नियम आणखी कडक. ओटमधल्या बीटा-ग्लुकानला रोज ३ ग्रॅम मात्रेसाठी आणि वनस्पती स्टेरॉलला कोलेस्टेरॉल कमी करण्याचा दावा मंजूर आहे. दह्याच्या नेहमीच्या जंतूंना दुधातली साखर पचवण्यापुरता दावा मिळालाय. कोलेस्टेरॉलसाठी कोणत्याही प्रोबायोटिकला असा मंजूर दावा नाही.

(आणि हो, 'मग घरचं ताक?' ताक प्या, उन्हाळ्यात त्यासारखं काही नाही. पण घरच्या विरजणात कोणत्या क्रमांकाचा जंतू आहे हे कोणालाच माहीत नसतं, त्यामुळे वरचा एकही आकडा त्याला लावू नका.)

पायरी ७: आता पैशाचा हिशोब

समजा कंपनीचं बाजारमूल्य, म्हणजे सगळ्या शेअरची मिळून किंमत, ६०० कोटी आहे. नफ्याच्या वीस पट भाव योग्य धरला तर वर्षाला ३० कोटी नफा हवा. विक्रीवर २० टक्के नफा धरला, आणि तो उदार आहे, तरी विक्री हवी १५० कोटींची. महिन्याचा डबा ९०० ला विकला तर स्टॉकिस्ट, मेडिकल, सवलत, जाहिरात जाऊन कंपनीच्या हाती ४०० येतात असं धरू, म्हणजे एका गिऱ्हाइकाचे वर्षाला ४,८००. भागाकार करा: ३,१२,५०० माणसं. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या चंद्रपूर शहराची लोकसंख्या ३.२ लाखांच्या आसपास होती. तेवढ्या माणसांनी, लहान पोरांसकट, बाराही महिने रोज कॅप्सूल घ्यायची. आणि हे फक्त आजचा भाव टिकवायला. वर जायचं तर आणखी एक शहर लागेल.

तुमच्या कंपनीचे आकडे घालून हाच भागाकार करून बघा. बाजारमूल्य आणि विक्री बीएसईच्या संकेतस्थळावर मिळते.

तिथेच कंपनीच्या घोषणाही असतात. महत्त्वाची घडामोड शेअर बाजाराला कळवणं सेबीच्या, म्हणजे बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेच्या, नियमांनुसार बंधनकारक आहे. टिपमधली 'मोठी बातमी' तिथे नसेल तर एक तर ती बातमी नाही, नाहीतर महत्त्वाची नाही. असेल तर शब्द नीट वाचा. 'सामंजस्य करार', 'धोरणात्मक भागीदारी', 'वितरणाचे हक्क' यांच्यापुढे रुपयांचा आकडा आहे का? किमान खरेदीची अट आहे का? आकडा नसलेले करार वर्षभरात चार-चार येतात आणि तिमाही विक्री जागची हलत नाही, हा जुना खेळ आहे.

ताळेबंदात मी तीनच गोष्टी आधी बघतो. येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे यायचे पैसे, विक्रीपेक्षा जोरात वाढताहेत का? तसं असेल तर माल दुकानात ढकललाय, गिऱ्हाइकानं घेतलेला नाही. कागदावरचा नफा रोकड होऊन येतोय का? आणि दर वर्षी नवे शेअर, वॉरंट (ठरलेल्या भावाला पुढे शेअर घ्यायचा हक्क) काढून पैसा उभा करताहेत का? छोट्या संशोधन कंपन्यांना चाचण्यांसाठी पैसा लागतोच, त्यात गैर काही नाही. पण कंपनीचे हिस्से वाढत गेले की तुमचा हिस्सा बारीक होत जातो, मग जंतू कितीही गुणाचा असो.

लंडनच्या एआयएमसारख्या बाजारातले शेअर घ्यायचा मोह झाला तर आधी आपल्या ब्रोकरकडे तशी सोय आहे का ते बघा. आपल्याकडची परदेशी गुंतवणुकीची ॲप बहुतकरून अमेरिकी शेअर देतात. पैसा रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशात पैसा पाठवायच्या योजनेतून जातो, आणि रुपया-पाउंडाचा चढउतार वेगळा. सुरुवात करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये.

पायरी ८: टिप देणारा कोण

शेअर घ्या असा सल्ला देणाऱ्याची सेबीकडे नोंदणी लागते. संशोधन विश्लेषकाचा क्रमांक आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनए या अक्षरांनी. सेबीच्या संकेतस्थळावर नाव टाकून खात्री करा. क्रमांक मागितला की ग्रुपमधून काढून टाकतात, त्यातही उत्तर मिळालंच.

शेअर एएसएम किंवा जीएसएम या देखरेख यादीत आहे का, तेही बघा. रोज अप्पर सर्किट (दिवसात भाव वाढायची कमाल मर्यादा) लागतंय, घेणारे रांगेत आणि विकणारा कोणी नाही, ही बातमी लोक आनंदानं सांगतात. उतरताना याच्या उलट होतं, आणि तेव्हा ब्रोकरला फोन करून उपयोग नसतो, कारण विकत घेणारा कोणी नसतो. फसवणूक झालीच तर तक्रार सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करता येते. मेसेज, पावत्या, ऑर्डरची नोंद, सगळं जपून ठेवा.

पायरी ९: घ्यायचंच ठरलं तर

तीन रकाने भरून झाल्यावरही शेअर घ्यावासा वाटला, तर पेरणीचा, फीचा, दवाखान्याचा पैसा बाजूला काढून उरलेल्यातूनच घ्या, तोही एकदम नाही. कापसाचा दुसरा-तिसरा वेचा यायचाच असतो, शेअरही पळून जात नाही. वहीत खाली दोन ओळी लिहा: कशासाठी घेतला, आणि काय दिसलं की विकणार. 'नवी स्वतंत्र चाचणी दोन वर्षांत आली नाही तर' किंवा 'येणी विक्रीच्या पुढे गेली तर' असं ठोस लिहा. 'भाव पडला तर' एवढंच लिहिलं तर दर मंगळवारी विकाल आणि दर गुरुवारी घ्याल.

मग रोज ॲप उघडायची गरज नाही. कंपन्यांना तिमाही निकाल ४५ दिवसांत द्यावे लागतात, वर्षाचे ६० दिवसांत. म्हणजे डिसेंबर तिमाहीचे आकडे १४ फेब्रुवारीपर्यंत येतात. तोवर तुरीची कापणी बहुतेक उरकलेली असते. तेव्हा वही काढा, विक्री आणि येणी लिहा, सीटीआरआयवर चाचणीची स्थिती बघा आणि मेडिकलवाल्या काकांना एकच प्रश्न विचारा: मागच्या हिवाळ्यात हा डबा नेणाऱ्यांपैकी परत न्यायला कितीजण आले?